निसर्गातलं काम आणि नोकरीची तयारी एकत्र: कोल्हापुरात १२ आठवडे कसे आखावेत?

करवीर_युवागट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या पाच-सहा गावांतली १७ ते २२ वयाची २० मुलं-मुली घेऊन १२ आठवड्यांचा कार्यक्रम करायचा आहे. त्यात ८ मुली आहेत. काहींचं शिक्षण दहावीनंतर सुटलंय, काही बारावी झालेत, तिघांनी आयटीआय अर्धवट सोडलंय. दर रविवारी बाहेर, म्हणजे डोंगर, तळं, रोपवाटिका अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम आणि बुधवारी संध्याकाळी दोन तास गावातच नोकरीची तयारी, एवढं ठरलंय. नुसत्या वर्गात बसवून घेतलेल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासांना ही मुलं दुसऱ्या आठवड्यापासून यायची बंद होतात, म्हणून हा घाट.

विचारायचं ते असं: १२ रविवारी नेमकी कोणती कामं घ्यावीत? सुरुवात कधी करावी? डोंगरात केलेल्या कामाचा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला काय उपयोग, हे मुलांनी कसं सांगावं? आणि परवानग्या, सुरक्षितता यांत काय राहून जातं? जाणकारांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

---

वेळापत्रक_आधी

सुरुवातीच्या तारखेपासून बोलूया, कारण निम्मे कार्यक्रम तिथंच फसतात.

दिवाळी झाली, भातकापणी आणि मळणी उरकली की सुरू करा, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपवा. पुढं बारावीची परीक्षा, मग उन्हाळा, मग ज्योतिबाची चैत्र यात्रा, आणि एप्रिलपासून दुपारचा वळीव. जूनमध्ये तर नावच काढू नका. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पावसात कामाचा दिवस धरून ठेवता येत नाही. नोव्हेंबरमध्ये जमिनीत ओल असते, त्यामुळं नवख्या हातांना खोदकाम झेपतं. तेच काम एप्रिलमध्ये मुरमावर केलं तर पहिल्याच दिवशी हाताला फोड येतात आणि पुढच्या रविवारी चार जण गायब होतात.

एक अडचण मात्र या काळातही आहे. गळीत हंगाम जोरात असतो. घरचा ऊस कधी तुटणार, कोण ट्रॅक्टरवर जातं, कोणाची म्हैस कोण बघतं, हे नोंदणीच्या वेळीच विचारून कागदावर घ्या. ज्याची तोड जानेवारीत येणार आहे त्याला दोन रविवारांची सूट आधीच लिहून द्या. न सांगता गैरहजर राहणं आणि कळवून गैरहजर राहणं यातला फरक शिकवायची ही पहिली जागा आहे. नियम साधा ठेवा: शनिवारी संध्याकाळी सातच्या आत फोन केला तर ती रजा, नाहीतर खाडा. पुढं कारखान्यात हाच नियम लागणार आहे.

आता कामांचं. १२ रविवारी १२ वेगळ्या गोष्टी करू नका. एक दिवस पक्षी, एक दिवस किल्ला, एक दिवस गांडूळखत असं केलं की मुलांना सगळं दिसतं, पण हातात काही येत नाही. चार कामं घ्या आणि प्रत्येकाला सलग तीन रविवार द्या. पहिल्या रविवारी शिकायचं. दुसऱ्या रविवारी स्वतः करायचं आणि मोजायचं. तिसऱ्या रविवारी दुसऱ्या गटाला शिकवायचं किंवा दुसऱ्याचं काम तपासायचं. मुलं खरी वाढतात ती तिसऱ्या रविवारी. दुसऱ्याच्या कामातली चूक शांतपणे दाखवणं आणि आपल्या कामातली ऐकून घेणं, हे एरवी कुठल्या तासाला शिकवणार?

पाच-पाच जणांचे चार गट करा. गट चिठ्ठ्या टाकून करा, गावावार नको. आठ मुली आहेत तर प्रत्येक गटात दोन. एकटी मुलगी कोणत्याही गटात ठेवू नका. गटात दर रविवारी फिरत्या जबाबदाऱ्या द्या: गटप्रमुख, नोंदी करणारा, अवजारं मोजून देणारा आणि परत घेणारा, वेळ बघणारा, पाणी आणि प्रथमोपचार पेटी सांभाळणारा. बारा रविवारांत प्रत्येकाला प्रत्येक जबाबदारी निदान दोनदा मिळते. अवजारांची जबाबदारी मुलांना किरकोळ वाटते, पण तीच सगळ्यात जास्त शिकवते. सकाळी १० टिकाव दिले आणि दुपारी ९ आले, तर दहावा सापडल्याशिवाय गाडी हलत नाही.

वेळ सकाळी ७.३० ते दुपारी १. साडेसातला हजेरी, दहा मिनिटं आजचं काम आणि धोके, दहापर्यंत काम, मग २० मिनिटं न्याहारी (भाकरी-झुणका किंवा पोहे, सोबत गूळ-शेंगदाणे), पुन्हा १२ पर्यंत काम, आणि शेवटचा एक तास मोजणी, डायरी, अवजारं धुणं. हा शेवटचा तास कधीही कापू नका. काम राहिलं तर राहू द्या.

मुली गळण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: कामाच्या जागी शौचालय नसणं आणि परतीची एसटी चुकणं. जागा निवडतानाच पाच-सात मिनिटांच्या अंतरावर शाळा, ग्रामपंचायत किंवा देवळाचं शौचालय उघडं मिळेल का ते बघा आणि किल्ली कोणाकडे आहे ते विचारून ठेवा. परतीची गाडी कार्यक्रमाचीच ठेवा. खर्चात सगळ्यात मोठा आकडा प्रवासाचा येतो, तो आधी धरा. टी-शर्ट आणि बॅनरवर पैसे घालवून गाडीला कमी पडणं ही नेहमीची चूक आहे.

---

सडा_आणि_देवराई

वरच्या चार-कामांच्या मताशी पूर्ण सहमत. या काळात कोल्हापूरच्या आसपास जमतील अशी चार कामं आणि ती नेमकी कशी करायची ते लिहितो.

रोपवाटिका (रविवार १ ते ३). ही पहिली ठेवा, म्हणजे बाराव्या आठवड्यापर्यंत उगवण मोजता येते. पिशवी ५ × ८ इंचाची. मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. शेणखत अर्धवट कुजलेलं असलं की पिशवीत गरम होतं आणि कोवळं मूळ जळतं. मुठीत दाबून वास घ्यायला शिकवा: मातीसारखा आला तर चालेल, शेणासारखा आला तर नाही. पिशवी भरताना दोन-तीनदा जमिनीवर आपटायची, नाहीतर आत पोकळ्या राहतात आणि पाणी घातलं की माती खाली बसते. वर अर्धा इंच जागा पाण्यासाठी. तळाची भोकं उघडी आहेत का ते प्रत्येक पिशवीला बघायचं. एक माणूस भरतो आणि दुसरा तपासतो.

बियांमध्ये बहावा घ्या. शेंगा हिवाळ्यात मिळतात आणि बीचं कवच इतकं टणक असतं की तसंच पेरलं तर फार थोडं उगवतं. त्यामुळं प्रयोग चांगला होतो. १०० बिया तशाच पेरायच्या. १०० बिया पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासून, आतला फिका भाग जेमतेम दिसू लागला की थांबायचं, मग २४ तास साध्या पाण्यात भिजवायच्या आणि फुगलेल्याच पेरायच्या. डोळ्याच्या बाजूनं घासू नका, तिथं अंकुर असतो. दोन्ही ओळींना पाटी लावा आणि दर आठवड्याला मोजा. टक्केवारी, तक्ता, आलेख हे सगळं या २०० बियांवर शिकवून होतं. गणिताला घाबरणारा मुलगाही आपल्या पिशवीत काय उगवलं ते मोजायला बसतो. थंडीत उगवण सावकाश होते, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात सगळे हिरमुसतात. आणि जांभळाचं बी आणून ठेवू नका. ते सुकलं की मरतं. ते जूनमध्ये फळ खाल्ल्यावर लगेच पेरायचं.

रोप मोठं झालं की महिन्याला एकदा पिशवी उचलून जागा बदलायची. नाहीतर मूळ भोकातून जमिनीत उतरतं आणि लावणीच्या वेळी तुटतं.

घाणेरी, म्हणजे लँटाना हे पसरणारं परकं झुडूप, काढणं (रविवार ४ ते ६). नुसती वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. आगही लावायची नाही. पद्धत अशी: आधी काळी पिकलेली फळं असलेले घोस कापून पोत्यात भरायचे, म्हणजे बी सांडत नाही. मग फांद्या कापून बुंधा मोकळा करायचा. जमिनीखाली तीन-चार सेंटीमीटरवर, जिथं खोडाचं मूळ होतं त्याच्या खाली, टिकावाचं चपटं पातं घालून मुख्य मूळ तोडायचं आणि सगळा बुंधा उपटून मुळं आभाळाकडं करून उलटा टाकायचा. सुलटा पडला आणि ओल मिळाली की तो पुन्हा जगतो. जिथं पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढं दोन वर्षं नवी रोपं येत राहतात, म्हणून ती जागा नकाशावर खूण करून ठेवा आणि ग्रामपंचायतीला सांगा. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत लगेच आलं पाहिजे, नाहीतर रानमोडी हे दुसरं परकं तण शिरतं.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सक्तीचा. शेजारी गाजर गवत असेल तर ज्यांना त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांना मोजणीचं काम द्या.

समपातळी रेषा आणि चर (रविवार ७ ते ९). समपातळी रेषा म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा, तिच्यावरच चर खोदायचा. या कामासाठी जागा विचार करून निवडा. गगनबावड्याकडं, आंबा घाटाकडं पाऊस इतका की चर भरून फुटतात आणि उतारावर घळ पडते. हातकणंगल्याकडचे कमी पावसाचे, उघडे, मंद उताराचे डोंगर योग्य. तुमच्या गावांपासून लांब पडत असेल तर पन्हाळा तालुक्याच्या पूर्वेकडच्या बाजूला गायरान शोधा.

ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराचा बांबूचा सांगाडा, मुलांनी स्वतः बांधायची. सात फुटांचे दोन सरळ बांबू, वर एकत्र बांधायचे आणि खाली पाय साधारण सहा फूट फाकवायचे. मध्यावर आडवा बांबू. टोकापासून सुतळीला दगड बांधून असा सोडायचा की तो आडव्या बांबूच्या खाली वीतभर लोंबेल. आता तिची परीक्षा. फ्रेम उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका, सुतळी आडव्या बांबूवर जिथं येते तिथं खूण करा. मग फ्रेम उलटी फिरवून पाय अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर ठेवा, पुन्हा खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी. पुढं एक पाय रोवून दुसरा वरखाली सरकवत सुतळी मध्यावर आली की तिथं खुंटी. अशी रेषा पुढं न्यायची.

चुका नेहमीच्याच होतात. पाय गवताच्या ठोंबावर किंवा सुट्या दगडावर पडतो. वाऱ्यात सुतळी थांबत नाही, तेव्हा दगड जड घ्यायचा आणि घाई करायची नाही. तासाभरानं वरची गाठ सैल होते आणि रेषा हळूहळू खाली उतरत जाते. म्हणून दर २० मीटरला परीक्षा पुन्हा करायची.

चर ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची आणि चराच्या काठापासून फूटभर जागा सोडायची, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती परत चरात येते. एका मीटरला ०.१८ घनमीटर माती निघते. नवख्या जोडीकडून तीन तासांत चार-पाच मीटर झाले तर भरपूर झाले. त्याहून मोठं लक्ष्य ठेवलं की खोली कमी होते आणि कोणी मोजत नाही.

पक्षी मोजणी (रविवार १० ते १२). हिवाळ्यात कळंबा तलाव किंवा तुमच्या गावचा पाझर तलाव पुरेसा आहे. काठावर तीन ठरावीक जागा, प्रत्येक जागी १५ मिनिटं, तिन्ही रविवारी तीच वेळ. एक बघणारा, एक लिहिणारा, एक वेळ पाहणारा. वारकरी, टिबुकली, पाणकावळा, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, बगळे एवढे आधी चित्रावरून ओळखायला शिकले की काम सुरू होतं. ओळख पटली नाही तर 'अनोळखी, काळा, कोंबडीएवढा' असं लिहायचं. अंदाजानं नाव टाकायचं नाही. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ 'पाहिलंच नाही' असाही होतो. नोंदी नंतर मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये भरून घ्या आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत ही समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तिचीच. मुलांच्या नोंदींना तिथं खरी जागा आहे.

---

फौंड्री_सुपरवायझर

कारखान्याच्या बाजूनं सांगतो. वरच्या दोन्ही भावांनी अर्धं काम केलंच आहे, फक्त ते कारखान्याच्या भाषेत उतरवायला पाहिजे.

सकाळच्या त्या दहा मिनिटांना कारखान्यात टूलबॉक्स टॉक म्हणतात. तेच नाव वापरा. हातमोजे-बूट-गॉगल म्हणजे पीपीई, अंगाच्या बचावाची साधनं. अवजारं जागच्या जागी, धुऊन, मोजून ठेवणं ही फाईव्ह एसची, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीची, सुरुवात. १०० बियांतल्या किती उगवल्या नाहीत हे काढणं आणि १०० कास्टिंगमधले (ओतीव भागांतले) किती रिजेक्ट झाले हे काढणं, हिशेब एकच. ए-फ्रेमची दर २० मीटरला परीक्षा घेणं म्हणजे गेज कॅलिब्रेशन, मोजायचं साधन बरोबर दाखवतंय का ते तपासणं. मुलाला हे कळलं की मुलाखतीत तो घाबरत नाही, कारण त्यानं ते हातानं केलेलं असतं. शब्द पाठ करून घेऊ नका. काम झाल्यावर त्याच दिवशी सांगा की याला कारखान्यात असं म्हणतात.

डायरी रोजची सहा ओळींची: तारीख आणि ठिकाण, काय काम, किती झालं (आकड्यात), माझी जबाबदारी कोणती होती, काय चुकलं, मग काय बदललं. खाली गटप्रमुखाची सही. शेवटच्या दोन ओळी सगळ्यात मोलाच्या. 'काही चुकलं नाही' असं लिहिलेलं मान्य करू नका, परत लिहायला लावा.

बुधवारी त्याच डायरीतून बायोडाटा तयार करा. 'निसर्ग शिबिरात सहभाग' असं लिहिलेल्या ओळीवरून नजर घसरते. त्याऐवजी असं लिहायचं: 'पाच जणांच्या गटात ए-फ्रेमनं समपातळी रेषा आखली. दोन रविवारी १८ मीटर चर, ६० × ३० सेंटीमीटर मापात. गटप्रमुख म्हणून मापं तपासली, तीन ठिकाणी खोली कमी होती ती पूर्ण करून घेतली.' आकडे ज्याचे त्याचे खरे टाका. मुलाखतीला बसलेला माणूस पुढचा प्रश्न यावरूनच विचारतो, आणि उत्तर मुलाकडं असतं.

तोंडी सांगायचा सराव चार पायऱ्यांत घ्या: काय परिस्थिती होती, माझ्यावर काय काम होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. दीड मिनिटात बसवायचं. 'आम्ही' खूप येतं, ते थांबवा. 'आम्ही केलं' म्हणजे तू काय केलंस, हा प्रश्न येणारच. आठव्या आठवड्यापासून दर बुधवारी दोन जणांची नमुना मुलाखत, आणि घेणारा माणूस बाहेरचा पाहिजे. ओळखीच्या दादा-ताईंसमोर सगळेच बोलतात.

भरतीबाबत आता. फौंड्री (धातूचं ओतकाम), फर्नेस (भट्टी), प्रेस शॉप ही धोक्याची कामं, तिथं १८ पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत आणि घेऊही नये. तुमच्याकडच्या १७ वर्षांच्या मुलांना तशी आशा दाखवू नका. त्यांना आयटीआय पूर्ण करण्याकडं वळवा. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली चालते, नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. बारावी झालेल्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. वय १८ ते ३५, विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० रुपये महिना. शिक्षण चालू असलेल्यांना ती मिळत नाही आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. हे जोडणं पहिल्याच बुधवारी करून घ्या. मुलांच्या कागदपत्रांत नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं आणि ऐनवेळी तिथंच गाडी अडते.

सगळी मुलं एमआयडीसीतच जाणार असं धरू नका. रोपवाटिका, पन्हाळ्यावरची हॉटेलं, दूध संकलन केंद्र, ठिबक बसवणारे, जमीन मोजणीचे मदतनीस हेही आहेत. वनरक्षक भरतीचं बोलणारी दोन-चार मुलं असणारच. बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय आणि मैदानीत मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर धावणं, एवढं त्यांना आजच सांगा म्हणजे उगीच वर्ष जायला नको.

---

प्रथमोपचार_पेटी

परवानगी आणि सुरक्षिततेचं थोडक्यात, पण यातलं काही गाळू नका.

गायरानावर काम असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगी, तोंडी चालत नाही. देवराई असेल तर गावकरी आणि देवस्थान दोन्हींची संमती. राधानगरी अभयारण्य पहिल्या वर्षी नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवेशाचीच परवानगी लागते, गव्यांचं क्षेत्र आहे आणि दवाखाना लांब. पन्हाळगडावर खोदकाम, झाड लावणं, दगड हलवणं काहीही करायचं नाही. संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेलंय. तिथं फार तर माहिती घेत फिरा.

१८ च्या आतल्या प्रत्येकाचं पालकांचं लेखी संमतीपत्र, त्यात रक्तगट, औषधं, ॲलर्जी, फिट किंवा दम्याचा इतिहास, आणि दोन फोन नंबर. फोटोसाठी वेगळी संमती. २० मुलांमागं कायम तीन मोठी माणसं, त्यात निदान एक बाई. कोणीही मोठं माणूस एकट्या मुलामुलीसोबत वेगळं राहणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. विम्याला १८ च्या वरच्यांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. पण त्यात दवाखान्याचं बिल येत नाही आणि १७ वर्षांच्यांना ती मिळत नाही. म्हणून गटाची अपघात विमा पॉलिसी वेगळी घ्या.

माणशी तीन लिटर पाणी. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असा अंदाज नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

साप: गवतात आधी काठी, मग पाय. दगड उचलताना हात खाली घालायचा नाही, टिकावानं आपल्याकडं उलटवायचा, म्हणजे मधे दगडाची आड राहते. फुरसं दगडाखाली असतं. चावला तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. फळीनं अवयव स्थिर करा. चालवू नका, उचलून न्या. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, देवाला नेणं यांत जातो तो वेळ परत मिळत नाही. चावल्याची वेळ कागदावर लिहा, १०८ ला फोन करा. पण ॲम्ब्युलन्सच्या भरवशावर न राहता आपली गाडी तोंड रस्त्याकडं करून उभी ठेवा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, हे शुक्रवारी फोन करून विचारायचं. नाहीतर सरळ कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात.

आग्या मोहोळ: कड्याखाली, मोठ्या झाडावर, देवळाच्या शिखराखाली आधी बघा. दिसलं तर जागा बदला. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कापडानं झाकून लांब पळायचं, हात मारायचे नाहीत. काटे नखानं खरवडून लगेच काढायचे. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर थेट दवाखाना.

नेटवर्क नसतं तिथं फोन कुठून लागतो ती जागा आधी शोधून खूण करा. हे नेहमी राहून जातं.

---

करवीर_युवागट

मनापासून आभार. एवढं नेमकं कोणी सांगत नाही. दोनच शंका उरल्या. मसाई पठार आमच्या गावांना जवळ आहे. शेवटच्या रविवारी तिथं प्रत्येकानं पाच झाडं लावली तर समारोप चांगला होईल असं वाटत होतं. आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचं की नाही, त्यावर काय लिहायचं?

---

सडा_आणि_देवराई

मसाईवर एकही झाड लावू नका, ही कळकळीची विनंती. ते उजाड पडलेलं रान नाही, जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ आहे. वर माती काही बोटं जाडीची, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात तिथं सीतेची आसवं, गेंद, तेरडा, दीपकाडी यांची जी फुलं येतात ती उघड्या ऊन-पावसावर आणि उथळ साचलेल्या पाण्यावरच जगतात. खड्डे मारले की पाणी साचायची पद्धत बदलते, आणि बाहेरून आणलेल्या मातीबरोबर गाजर गवत येतं. मार्चपर्यंत रोपं वाळतात ती वेगळीच. शिवाय फेब्रुवारी ही कुठंच लावणीची वेळ नव्हे. तुमच्या पिशव्यांतली रोपं जून-जुलैमध्ये, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, घाणेरी काढलेल्या जागी लावा. तेवढ्यासाठी मुलांना एक रविवार परत बोलवा. जी रोपं त्यांनी बीपासून वाढवली ती लावायला ती येतातच.

समारोपाला तिसऱ्या पक्षी मोजणीनंतर तळ्याकाठीच बसा. प्रत्येक गटानं एका कामाचे आकडे पाच मिनिटांत सरपंचांसमोर आणि दोन-तीन कारखानदारांसमोर मांडावेत. जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर हातानं काढलेला तक्ता पुरतो.

---

फौंड्री_सुपरवायझर

प्रमाणपत्राबद्दल. 'कौशल्य प्रमाणपत्र' असं नाव देऊ नका. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असल्याशिवाय त्या शब्दाला वजन नाही, आणि भरतीत कोणी पडताळणी केली तर मुलगा अडचणीत येतो. त्याऐवजी एका पानाचं कामाचं पत्र द्या. त्यात: १२ पैकी किती रविवार हजर, किती वेळा कळवून रजा, किती खाडे. चार कामं आणि प्रत्येकाचं त्याचं स्वतःचं माप. कोणत्या जबाबदाऱ्या किती वेळा सांभाळल्या. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर, आणि तो माणूस खरंच फोन उचलणारा पाहिजे. १२ पैकी ११ हजेरी असलेलं असं पत्र बघून सुपरवायझर पोराला निदान ट्रायलला उभं करतो.

हजेरी कमी असली तरी खोटी लिहू नका. ७ असेल तर ७ लिहा आणि शेजारी कारण: 'ऊसतोड, आधी कळवलं.' आमच्याकडं निम्मी माणसं शेतकऱ्याच्या घरातलीच आहेत, ते कारण कळतं.

आणि १७ वर्षांच्या मुलांच्या पत्रावर जन्मतारीख स्पष्ट टाका. नाहीतर कोणीतरी ठेकेदार त्यांना चुकीच्या जागी उभं करेल.